अली ‘तू’ म्हणतो, एमी ‘तुम्ही’

म्युनिक, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७४चा सिनेमा ‘आंग्स्ट एसन झेले आउफ’ कॉलेजच्या क्लबात दाखवताय आणि मराठी सबटायटल्स तूच करतोयस, हे ब्येस. पण तू पाठवलेल्या मसुद्यात दारूच्या गुत्त्यात अली एमीला विचारतो, ‘आजी, नाचणार का?’ ते आधी खोड.

मुळात तो म्हणतो, ‘डू टान्झेन मिट मिअर?’ म्हणजे ‘तू नाचणे माझ्याबरोबर?’ हा मोरोक्कोचा मेकॅनिक जर्मन क्रियापदं चालवत नाही, आणि समोर कोणीही असो, ‘डू’च म्हणतो. साठीची, विधवा, लोकांकडे साफसफाई करणारी एमी मात्र सुरुवातीला त्याला ‘झी’ म्हणते. बाई त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठी आणि अहोजाहो तीच करतेय! मराठी कान दचकेल, दचकू दे. मग एमी ‘तू’वर कुठे येते ते कान देऊन ऐक आणि तुझ्या ओळीतही नेमकं तिथेच ‘तू’ आण. चार ओळी आधी नाही, नंतर नाही.

‘आजी’ जपून ठेव म्हणते त्याचं कारण पुढे आहे. उत्तरार्धात एमी त्याच्या गॅरेजवर जाते, तिथले सोबती विचारतात, ही मोरोक्कोहून आलेली तुझी आजी का? आणि अली त्यांच्याबरोबर हसतो. तो शब्द प्रेक्षकाने त्याआधी एकदाही वाचलेला नसावा. मावशी, काकू, बाई, काहीच नको.

अलीच्या बोलण्याला एकच नियम लाव: क्रियापद ‘-णे’वर सोड, विभक्ती मात्र शाबूत ठेव. दोन्ही मोडलंस तर तो नाटकातल्या विनोदी नोकरासारखा ऐकू येईल आणि हॉल नको तिथे हसेल. सिनेमाच्या नावाचंही तेच. शुद्ध जर्मनमध्ये ‘आंग्स्ट इस्ट डी झेले आउफ’ झालं असतं. इंग्रजी नावाने ही चूक गुपचूप दुरुस्त केली, तू करू नकोस. ‘भीती जीव खाऊन टाकणे’ ठेव. ‘जर्मन मालक, अरब कुत्रा’ हे अलीचं वाक्य क्रियापदाविनाच आहे, त्याला ‘असतो’ जोडू नकोस.

आता यांत्रिक भाग. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं. सेकंदाला दोन-तीन शब्द धर. जोडाक्षरं जास्त असतील तर दोनच. एका सेकंदापेक्षा कमी काही ठेवू नकोस, आणि दोन सबटायटल्समध्ये दोन फ्रेमची फट सोड, नाहीतर मजकूर बदलला हे डोळ्याला कळत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठव. तसं केलं नाही की पडद्यावर चौकोन किंवा कचरा दिसतो. ओळींतलं अंतर वाढव, कारण खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीच्या उकारांत अडकतात. क्लबच्याच लॅपटॉपवर, शेवटच्या रांगेत बसून तपास.

प्रोजेक्टरवाल्याला बजावून सांग: चित्र १.३७ ला १ आहे, जवळजवळ चौरस. बाजूच्या काळ्या पट्ट्या बघून तो हमखास ‘पडदा भरू या’ म्हणेल. ताणलं तर माणसं बुटकी दिसतात, कापलं तर डोकी जातात आणि चौकटी मोडतात. युर्गेन युर्गेसचा कॅमेरा या दोघांना सारखा दारांच्या चौकटीत, जिन्याच्या गजांआड धरतो. अलीशी लग्न केलं म्हणून कामावरच्या बायका एमीला वाळीत टाकतात, तेव्हा ती जिन्यात एकटी बसून खाते आणि आपण तिला गजांतून बघतो. पुढे युगोस्लाव्हियातून आलेली योलांडा कामाला लागते. आता बायकांच्या घोळक्यात एमी आहे, आणि गजांआड एकटी ती नवी मुलगी. दोन्ही जागी मजकूर कमीत कमी ठेव, चेहऱ्यावर अक्षरं नकोत.

प्रास्ताविकात ‘समाज विरुद्ध प्रेमी’ एवढंच बोलून बसू नका. उत्तरार्धात शेजारी, वाणी, मुलं सगळे गोड होतात, कारण प्रत्येकाचं एमीकडे काहीतरी काम निघतं. लग्नाची बातमी ऐकून टीव्हीला लाथ घालणारा मुलगाच नंतर पैसे भरून देतो आणि नातवंड सांभाळशील का विचारतो. खरी फट तिथून पडते: एमी मैत्रिणींना अलीचे दंड चाचपून बघू देते, आणि त्याला त्याच्या देशाकडचं कुसकुस हवं असतं तर म्हणते, इथल्या खाण्याची सवय कर. टीव्हीचा धागा डग्लस सर्कच्या १९५५च्या सिनेमातून आलाय. तिथे विधवा आई मुलांच्या दबावाने तरुण माळ्याशी ठरलेलं लग्न मोडते, आणि मग मुलं तिला सोबत म्हणून टीव्ही भेट देतात.

काळही सांगा. चित्रीकरण १९७३च्या सप्टेंबरात, पंधराएक दिवसांत उरकलं. २३ नोव्हेंबर १९७३ला पश्चिम जर्मनीने परदेशी कामगारांची भरतीच बंद केली. मोरोक्कोशी भरतीचा करार १९६३चा. सिनेमात लग्नाचं जेवण होतं ते इथलं, म्युनिकच्या शेलिंगश्ट्रासेवरचं इटालियन हॉटेल अजून चालू आहे. हिटलर इथे जेवायचा, हे एमी किती कौतुकाने सांगते, ती ओळ पुसट करू नकोस.

शेवटी अलीचं पोट अल्सरने फुटतं. डॉक्टर म्हणतो, परदेशी कामगारांत हे नेहमीचं, बरा होईल आणि सहा महिन्यांत पुन्हा इथेच येईल. त्याचा सूर रोजच्या कामाचा आहे. तू तिथे ‘दुर्दैवाने’ घातलंयस, ते तुझ्या पदरचं. काढ.

दुसरा मसुदा पाठव, गॅरेजचा प्रसंग आधी. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी आत्या