कॅपचा खर्च आधीच सांगावा

दातांच्या महागड्या उपचारांवरील आपल्या अंकातील लेख वाचला. ‘रूट कॅनॉलनंतर कॅप म्हणजे डॉक्टरांची जादा कमाई’ हा त्यातील सूर मात्र पटला नाही. कॅप म्हणजे दातावर बसवायचे कृत्रिम आवरण.

रूट कॅनॉलमध्ये नस काढून पोकळी भरतात, त्यामुळे ठणका थांबतो. पण किडीने आधीच पोखरलेली दाढ त्यानंतर आणखी कमकुवत होते, आणि चावण्याचा बहुतेक भार मागच्या दाढांवरच येतो. पुढच्या दातांना प्रत्येक वेळी कॅप लागतेच असे नाही. दाढांना बहुधा लागते. दुखणे थांबले की लोक उरलेले काम लांबणीवर टाकतात. माझ्या आईची अशीच कॅपविना राहिलेली दाढ चकली चावताना मुळापर्यंत उभी चिरली आणि काढावी लागली. रूट कॅनॉलचा सगळा खर्च पाण्यात गेला.

खरा दोष कॅपचा नाही, अर्धवट अंदाजपत्रकाचा आहे. पहिल्याच भेटीत रूट कॅनॉल आणि कॅप यांचा एकत्रित खर्च लेखी मिळावा. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची की झिर्कोनिया या पांढऱ्या, कठीण पदार्थाची, हेही दरासह कळावे. दिसण्याची फिकीर नसलेल्या मागच्या दाढेला धातूची कॅपही उत्तम टिकते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हे काम कमी खर्चात होते. पण माप देणे आणि कॅप बसवणे यासाठी खेड्यातल्या माणसाने तिथवर किती खेटे घालायचे? ही सोय जिल्हा रुग्णालयांत व्हायला हवी.

– एक वाचक, सांगली