उंदीर नियंत्रणाच्या वार्षिक करारातील निष्काळजी कामाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: उघड्यावर ठेवलेले विष, त्याची माहिती देण्यास नकार आणि करारातील अपूर्ण कामे

महोदय,

आमच्या कार्यालयाने आपल्या कंपनीशी उंदीर नियंत्रणाचा वार्षिक करार केला असून पूर्ण रक्कम आगाऊ भरली आहे. कार्यालयात उंदीर अजूनही आहेत. ते एका फेरीत जात नाहीत हे मलाही कळते, त्यामुळे नुसते तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहिले नसते.

आपल्या कर्मचाऱ्याने विषारी वड्या उघड्याच ठेवल्या. एक झेरॉक्स मशीनमागे, एक फायलींच्या रॅकखाली आणि एक चक्क पँट्रीत, कपांच्या फळीला लागून. ना कुलूपबंद पेटी, ना सूचनेची चिठ्ठी, ना वड्या कुठे कुठे ठेवल्या याची नोंद. आमच्या एका सहकारी बाईंचा मुलगा शाळा सुटल्यावर इथेच येऊन बसतो. वडी त्याच्या हाती लागली नाही हे आमचे नशीब, त्यात आपल्या कामाचे श्रेय काही नाही.

आवारातले मांजर मात्र सुटले नाही. ते मलूल झाले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विष कोणते होते हा. मी तिथूनच आपल्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळाले, ‘ती कंपनीची अंतर्गत माहिती आहे.’ रक्त गोठू न देणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड असेल तर पोटातल्या आम्लाने त्याचा फॉस्फिन वायू होतो आणि त्यावर उताराच नाही. म्हणजे उपचाराची दिशा त्या एका नावावर ठरते. शेवटी डॉक्टरांनी लक्षणांवरून अंदाज बांधून आणि रक्त गोठण्याची तपासणी करून के-1 सुरू केले, म्हणून मांजर वाचले. त्या जागी मूल असते तरी आपण हेच उत्तर दिले असते का, हे मला लेखी हवे आहे.

‘विष खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर जाऊन मरतो, आत वास येत नाही,’ असेही आम्हाला ठासून सांगण्यात आले होते. असे काही नसते. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो आणि त्या वेळी जिथे दडलेला असेल तिथेच मरतो. आमचा फॉल्स सीलिंगमध्ये मेला. वास असह्य झाल्यावर आमच्या शिपायाने छताची फळी काढून तो बाहेर काढला, कारण आपल्याकडून कोणी फिरकलेच नाही. चाप लावले असते तर मेलेला उंदीर निदान जागेवर सापडला असता.

चिकट पुठ्ठे लावले गेले, पण ते तपासायला कोणी आले नाही. एक उंदीर सुट्टीचे दोन्ही दिवस त्यावर जिवंत तडफडत होता. हे पुठ्ठे आम्हाला पुन्हा नकोत. पिंजरा ठेवला तो खोलीच्या मधोमध. मोठे उंदीर भिंतीच्या कडेने पळतात आणि नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पिंजरा भिंतीला लावून आधी काही दिवस त्याचे दार मिटणार नाही असे ठेवून, नुसते खाद्य घालून ठेवायचा असतो. हे मी आपल्याला सांगावे लागते आहे! वेगळे बिल लावून बसवलेल्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्राबद्दल काय बोलावे? तो आवाज भिंत किंवा कपाट भेदून पलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते. आमच्या यंत्राच्या शेजारीच लेंड्या सापडतात.

आता मुख्य काम. करारात ‘पाहणी करून प्रवेशमार्ग बंद करणे’ असे स्पष्ट लिहिले आहे. पँट्रीतल्या सिंकचा पाइप भिंतीतून जातो तिथे अंगठा जाईल एवढी फट आहे. एसीच्या पाइपभोवतीचे भोक तसेच उघडे आहे. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण 12. मी दोन्ही जागा दाखवल्या, तर आपला कर्मचारी म्हणाला, ‘ते गवंड्याचे काम.’ टॉर्चसुद्धा त्याने बाहेर काढला नाही. लहान उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत पिल्ले घालते. फटी उघड्या ठेवून नुसते विष टाकत राहणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे, आणि ते पाणी आमच्या पैशांचे.

तरी वापरलेल्या विषाचे नाव, प्रमाण आणि वड्यांच्या सर्व जागा दोन दिवसांत लेखी कळवाव्यात व उघड्या वड्या उचलून न्याव्यात. विष वापरणे आवश्यकच असेल तर ते कुलूपबंद, जागेवर पक्क्या बसवलेल्या पेटीतच ठेवावे. फटी स्टील वूल, जाळी आणि सिमेंटने पंधरा दिवसांत बंद करून द्याव्यात. अल्ट्रासॉनिक यंत्र परत न्यावे आणि त्याची पूर्ण रक्कम द्यावी. मांजराच्या उपचाराचे बिल सोबत जोडले आहे, तेही आपणच भरावे.

मुदतीत काम न झाल्यास करार रद्द करून उर्वरित रकमेसाठी आम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ. उघड्या वड्यांचे फोटो तारखेसह आमच्याकडे आहेत.

आपला,
कार्यालय व्यवस्थापक

सोबत: कराराची प्रत, फोटो, पशुवैद्यांचे बिल