दादाला एक फोन कर

मिरज

प्रिय सुध्या,

दिवाळीच्या तुझ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा दाखवला, त्यावरून चिडला असशील. चीड. पण हे आधी वाच, कारण घरात कुणाशी बोलून उपयोग नाही.

आईला फ्लू झाला होता. आता बरी आहे, आमटीला नावं ठेवायला लागली आहे. भानगड तापाची नाही, रिपोर्टची आहे. डॉक्टर मॅडमनी दुसऱ्याच दिवशी ओसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध सुरू केलं, रक्त तपासायला काही सांगितलं नाही. झालं, दादाला राहवेना. त्याने पुण्यात बसून ॲपवरून 'फीवर पॅनल' बुक केलं. सकाळी पोरगा रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर पीडीएफ. अंगातली सूज दाखवणारं सीआरपी ६२, रक्तात गुठळी झाली तर वाढणारं डी-डायमर ११२०, दोन्ही ठळक अक्षरांत आणि शेजारी 'एच', म्हणजे हाय.

डी-डायमर वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला. का ते तुला सांगायला नको.

दादा म्हणाला, दुसरी लॅब बघू. तिथे डी-डायमर आलं ०.५८. लगेच पहिली लॅब चोर ठरली! मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, एफईयू. दुसऱ्यावर मिलिग्रॅम प्रति लिटर, डीडीयू. एफईयू आणि डीडीयू ही डी-डायमर मोजायची दोन वेगळी मापं. हजाराने भागायचं, आणि एफईयू साधारण डीडीयूच्या दुप्पट भरतं. म्हणजे दोघी एकच सांगत होत्या, आणि 'एच' दुसरीनेही छापला होताच. बारावीत युनिट लिहिलं नाही म्हणून माझे मार्क गेले तेव्हा तू हसला होतास ना? घे.

मॅडम घरी आल्या. रिपोर्ट बाजूला सारून आईचं मनगट धरून बसल्या. आईला वाटलं नाडी बघताहेत. त्यांची नजर पदराच्या काठावर होती, श्वास मोजत होत्या. सांगून मोजलं की माणूस वेगळाच श्वास घेतो म्हणे. मिनिटाला १८. मग आईला व्हरांड्यात चालवलं, ऑक्सिजन ९६च्या खाली गेला नाही. 'अठ्ठ्याहत्तरीत, त्यात फ्लू, डायमर वाढणारच. पायाला सूज नाही, धाप नाही. मला यावरून काही बदलायचं नाही.'

मग मी करोनात गेलेल्या तुझ्या नानांचं विचारलं.

तुझा तो एक्सेलमधला आलेख अजून माझ्या फोनमध्ये आहे. सीआरपी १४०, ९५, ३८, १२. रेघ खाली येत गेली आणि नाना गेले. तू म्हणालास दवाखान्याने खोटे आकडे लिहिले, मी म्हणालो कोण कशाला लिहील, आणि कृष्णेच्या घाटावर आपली जुंपली. मॅडमनी एकच विचारलं : 'टोसिलिझुमॅब दिलं होतं?' दिलं होतंच की. सोलापूरहून रातोरात कुणी आणलं ते तुला माहीत आहे. तर ऐक. सीआरपी यकृत तयार करतं, ते मुख्यतः आयएल-६ या शरीरातल्या निरोप्या प्रथिनाने सांगितल्यावर. हे इंजेक्शन तो निरोपच पोचू देत नाही. मग फुप्फुसाची सूज उतरो न उतरो, सीआरपी पडतंच. आकडे खरे होते रे. फक्त इंजेक्शननंतर त्यांवरून नाना सुधारताहेत की नाही ते कळण्यासारखं नव्हतं. करोनावरची औषधं तपासणाऱ्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतसुद्धा या इंजेक्शनसाठी किमान ७५ सीआरपीची अट होती ती औषध द्यायच्या आधी, आणि सोबत ऑक्सिजनही कमी असायला हवा होता.

हे फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

आणि तू पाठवलेला तो २०२०चा वुहानचा पेपर, एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी या रक्तातल्या तीन आकड्यांवरून दहा दिवस आधी मरण सांगणारा? नेदरलँड्स आणि न्यूयॉर्कच्या रुग्णांवर तो नीट चाललाच नाही. सूत्र बसवलं होतं प्रत्येकाच्या शेवटच्या रक्तावर. शेवटच्या रक्तात दिसणार नाही तर कधी दिसणार! आणि आपण पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून ते नानांना लावत होतो.

आता खरं काम. दादाने रक्त पातळ करायच्या गोळ्या कुरिअरने पाठवल्यात, मॅडमना न विचारता. आईचा अल्सर एकदा फुटून किती रक्त गेलं होतं, हे तो विसरला. पाकीट माझ्या कपाटात आहे, पण तो रोज तिला फोन करून 'घेतली का' विचारतो आणि ती माझ्याकडे बघते. पुढचं पॅनलही बुक केलंय. मी धाकटा, त्यात मास्तर, माझं कोण ऐकतंय? तुझं ऐकेल. त्याला नानांचा आलेख दाखव. तुझ्या जिवावर येईल, कळतंय मला, तरी दाखव.

नेहाचं ॲडमिशन झालं का? गुडघ्याचं काय म्हणतोस? वहिनींना सांग, लोणचं पोचलं, बरणी परत मिळणार नाही. काकूंना नमस्कार, पण हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

दादा नऊनंतर मोकळा असतो. आधी शेअर बाजारावर बोल, मग तो लायनीवर येतो.

तुझा,
बंड्या