सिंबा की यांगा : मुक्तास पत्र

कोल्हापूर
२० जुलै २०२४

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दार-एस-सलामच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात तुला कुणीतरी विचारणार, "सिंबा आऊ यांगा?" 'आऊ' म्हणजे 'की', आणि सिंबा नि यांगा हे तिथले दोन मोठे फुटबॉल संघ. आपल्याकडे फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम की दिलबहार तालीम विचारतात तसंच. फरक एवढाच की इथे तो पेठेचा प्रश्न असतो आणि तिथे अख्ख्या देशाचा. टांझानियाच्या फुटबॉलचा नुकताच संपलेला २०२३-२४ चा मोसम म्हणूनच जरा उलगडून लिहिते. तो एक नीट कळला की पुढचे तुझे तुला कळतील. मुख्य गोंधळ एकाच गोष्टीने होतो: दोन संघांचे गुण सारखे झाले तर पुढे कोण, याचा नियम लीगमध्ये एक आणि आफ्रिकेच्या क्लब स्पर्धेत दुसरा.

आधी लीग. १६ संघ, प्रत्येकाचे ३० सामने. यांगा १९३५ चा, हिरवा-पिवळा. सिंबा १९३६ चा, लाल-पांढरा. दोघांचं बिऱ्हाड कारियाकू बाजाराच्या आसपास, म्हणून त्यांच्या लढतीला कारियाकू डर्बी म्हणतात. (पहिल्या महायुद्धातल्या हमालांच्या 'कॅरियर कोअर'चं ते नाव तिथल्या तोंडात बसून कारियाकू झालं.) तिसरा मोठा संघ अझाम, शहराबाहेर चामाझीला, स्वतःच्या मैदानाचा. बाकीच्यांची नावं वाचलीस की मालक कोण ते कळतं. टांझानिया प्रिझन्स तुरुंग खात्याचा, केएमसी किनोंडोनी महापालिकेचा, कागेरा शुगर आणि म्टिबवा शुगर साखर कारखान्यांचे. म्टिबवा १९९९ आणि २००० असे लागोपाठ दोनदा विजेते होते. यंदा खालच्या विभागात घसरले. कारखान्याच्या टीमचं असं होतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

गुणतक्ता पाहताना गुणांच्या आधी 'किती सामने झाले' तो रकाना बघ. आफ्रिकेच्या स्पर्धांमुळे यांगा-सिंबाचे लीग सामने पुढे ढकलले जातात. अशा राहिलेल्या सामन्याला तिथे 'किपोरो' म्हणतात, अनेक असले की 'विपोरो'. मूळ अर्थ रात्रीचं उरलेलं, सकाळी खायचं अन्न. म्हणजे आपली शिळी भाकरीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये यांगा चार गुणांनी मागे दिसला तरी दोन विपोरो शिल्लक असतील तर तो मागे नाही. आणि शिळं नेहमी पचतंच असंही नाही: हे सामने मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने, तेही म्बेया किंवा बुकोबासारख्या लांबच्या गावी खेळावे लागतात. मोठे संघ लहान संघांशी बरोबरी करून बसतात ते बहुतेक अशाच वेळी.

यांगाने मात्र पचवलं. प्रशिक्षक मिगेल गामोंदींच्या हाताखाली १३ मे रोजी म्टिबवाला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवलं, तीन सामने शिल्लक ठेवून विजेतेपद घेतलं, आणि ८० गुणांवर मोसम संपवला. सर्वाधिक २१ गोल त्यांच्या स्टेफान अझीझ कीचे, तो बुर्किना फासोचा. त्याच्या मागोमाग १९ गोल अझामच्या फैसल सलूमचे. याला सगळे 'फेई टोटो' म्हणतात, झांझिबारचा पोरगा, आदल्या वर्षीपर्यंत यांगाचाच. देशातल्या फेडरेशन कपचा अंतिम सामनाही झांझिबारलाच झाला आणि यांगाने अझामला पेनल्टीवर हरवून तोही नेला.

खरी गंमत दुसऱ्या नंबरची. अझाम ६९, सिंबाही ६९. लीगमध्ये गुण सारखे झाले की गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) बघतात. तो अझामचा सरस, म्हणून आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमधली देशाची दुसरी जागा त्यांची. सिंबाला दुय्यम कॉन्फेडरेशन कपवर भागवावं लागलं. लोक तुला सांगतील की ५ नोव्हेंबरच्या डर्बीत यांगाने ५-१ धुतलं आणि सिंबाचा गोलफरक तिथेच बुडाला. (मध्यंतराला १-१ होतं, चार गोल नंतरचे. सिंबाच्या प्रशिक्षकाची नोकरीही गेली.) ऐकून घे, पण ते अर्धंच खरं आहे. २० एप्रिलची दुसरी डर्बीही ते १-२ हरले. दोन्हींपैकी एक जरी बरोबरीत सुटती तर ७० गुण झाले असते आणि गोलफरकापर्यंत गोष्ट गेलीच नसती. गोल मोजणारे गुण मोजायचे विसरतात.

आता आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग. चार-चार संघांचे चार गट, प्रत्येक गटातून दोन पुढे. इथे गुण सारखे झाले की गोलफरक नंतर. आधी त्या दोघांचे आपसातले सामने बघतात. यंदा टांझानियाचे दोन्ही संघ याच नियमावर उपांत्यपूर्व फेरीत गेले, आणि दोन्ही वेळा तो अगदी वेगळ्या तऱ्हेने लागू झाला.

यांगाच्या गटात इजिप्तचा अल अहली, अल्जीरियाचा बेलूइझदाद आणि घानाचा मेडियामा. पहिलाच सामना ते अल्जीरियात ०-३ हरले. म्हणून २४ फेब्रुवारीला बेलूइझदाद दारला (म्हणजे दार-एस-सलामला) आला तेव्हा नुसतं जिंकून चालणार नव्हतं. ३-० झालं असतं तर आपसातला हिशेब ३-३ आणि निकाल पुढच्या निकषांवर. चौथा गोल हवाच होता, आणि तो झाला: ४-०. गट संपला तेव्हा दोघांचे ८-८ गुण, आपसात ४-३, यांगा पुढे. स्टेडियममध्ये ३-० असताना माणसं घड्याळाकडे का बघत होती ते यावरून कळेल.

सिंबाचं उलटं. २ मार्चला त्यांनी बोत्सवानाच्या ज्वानेंग गॅलक्सीला ६-० हरवलं आणि वर्तमानपत्रं सहा गोलांनी भरली. प्रत्यक्षात एक गोलही पुरला असता. मोरोक्कोच्या विदादशी त्यांचा आपसातला हिशेब आधीच २-१ होता (तिकडे ०-१, दारला २-०), त्यामुळे ९-९ गुणांवर सिंबाच पुढे जाणार होते. बाकीचे पाच गोल म्हणजे जुनं उट्टं: २०२१ मध्ये याच ज्वानेंगने त्यांना दारमध्ये येऊन ३-१ हरवून स्पर्धेबाहेर काढलं होतं. सिंबा आधी बोत्सवानात २-० जिंकूनही बाहेर गेले, कारण बेरीज ३-३ आणि परक्या मैदानावरचे गोल ज्वानेंगचे जास्त.

बेरीज सारखी असली की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, हा नियम युरोपने २०२१ मध्ये काढून टाकला, आफ्रिकेत अजून आहे. यांगा २०२३ चा कॉन्फेडरेशन कप त्यामुळेच हरले: दारला यूएसएम अल्जेकडून १-२, अल्जीरियात १-० जिंकूनही बेरीज २-२ आणि कप समोरच्यांचा. दोन टप्प्यांच्या लढतीत घरच्या मैदानावर ०-० हा वाईट निकाल नाही, एवढं लक्षात ठेव. यंदा यांगाने दक्षिण आफ्रिकेच्या सनडाउन्सशी घरी ०-० केलं, प्रिटोरियातही ०-०. तिथे अझीझ कीचा फटका आडव्या बारला लागून खाली आला. यांगावाले आजही शपथेवर सांगतात की चेंडू रेषेच्या आत पडला. पंचांनी गोल दिला नाही, आणि पेनल्टीवर ते २-३ हरले. या विषयावर ऑफिसात मत देऊ नकोस, दुपार जाईल. सिंबा अल अहलीकडून ०-१ आणि ०-२ असे सरळ हरले, तिथे वादाला जागा नाही.

या धावपळीचा फायदा देशाला होतो. आफ्रिकेतल्या देशांच्या क्रमवारीसाठी त्यांच्या क्लबांचे पाच वर्षांचे गुण धरतात. ताज्या वर्षाचे पाचपट, त्याआधीचे चौपट, असे उतरत. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी म्हणजे ३ गुण. दोघांचे मिळून ६, पाचपट करून ३०. पहिल्या १२ देशांना प्रत्येक स्पर्धेत दोन-दोन जागा मिळतात. म्हणूनच तिसऱ्या आलेल्या सिंबालाच नव्हे, चौथ्या आलेल्या टांगाच्या कोस्टल युनियनलाही यंदा आफ्रिकेत खेळायला मिळतंय.

राष्ट्रीय संघ, तैफा स्टार्स, मात्र या श्रीमंतीत मागे राहतो. यांगाच्या गोलांचे धनी बघ: अझीझ की बुर्किना फासोचा, पाकोम आयव्हरी कोस्टचा, मुसोंडा झांबियाचा, माक्सी काँगोचा. क्लबला ते परवडतं, पण देशाला पुढच्या फळीत माणूस सापडत नाही. जानेवारीत आयव्हरी कोस्टमधल्या आफ्रिका चषकात तीन सामन्यांत एकच गोल झाला. मोरोक्कोशी ०-३, झांबियाशी टांझानियाच्या म्सुवाने लवकर गोल केला, समोरचे दहाजण उरले, तरी ८८ व्या मिनिटाला १-१, काँगोशी ०-०. दोन गुण, शेवटचा नंबर. त्यात प्रशिक्षक आदेल अमरूश मोरोक्कोच्या संघटनेविरुद्ध बोलून बसले आणि आठ सामन्यांची बंदी आली. त्यांच्या जागी आले हेमेद सुलेमान, ज्यांचं टोपणनाव आहे 'मोरोक्को'. हसू नकोस, तिथले लोक हसून झालेत. याच हेमेदच्या संघाने ११ जूनला एंडोलात जाऊन झांबियाला १-० हरवलं, तेव्हा संघ मेलेला नाही. २०२७ चा आफ्रिका चषक केनिया आणि युगांडासोबत त्यांच्याच घरी आहे.

सामना बघायला जाशील तेव्हा: बेंजामिन म्कापा स्टेडियम, ६०,००० खुर्च्या. तिकिटासाठी एन-कार्ड लागतं, त्यात मोबाइलवरून पैसे भरायचे. हे आदल्या दिवशीच कर. सगळ्यात स्वस्त 'म्झुंगुको', गोलाकार बसायची जागा. मजा तिथेच, पण पहिल्या खेपेला ऑफिसच्या कुणाबरोबर तरी जा आणि लाल किंवा हिरवा-पिवळा कपडा घालू नकोस, बाजू ठरेपर्यंत पांढराच बरा. कुणी 'म्केका' विणूया म्हणालं तर नाही म्हण. शब्दाचा अर्थ चटई, पण तिथे सट्ट्याच्या पावतीला म्हणतात.

आणि वेळ. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, सहा तासांचा फरक. पोस्टरवर 'सा कुमी' म्हणजे दहा वाजता असेल तर सामना दुपारी चारला. 'सा मोजा उसिकू', रात्रीचा एक, म्हणजे संध्याकाळचे सात. तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात. जेवणं उरकलेली असतात, मध्यंतरात फोन केलास तरी चालेल.

तुझी
आई