कोवळ्या मेंदूवरचा घाव

किशोरवयीन मुलांच्या दारू पिण्याबद्दल ‘या वयात थोडी घेतली तर काय बिघडतं?’ असं पालकच म्हणू लागले की काळजात धस्स होतं. मेंदूची वाढ साधारण २५ व्या वर्षापर्यंत चालू असते. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या काळात मद्यापुढे फार हळवा असतो. उंदरांवरील प्रयोगांत किशोरवयात वारंवार मद्य दिल्यावर तिथे नव्या चेतापेशी कमी तयार झाल्या. मद्य बंद करूनही तो परिणाम प्रौढपणी टिकून राहिला. त्यात किशोरवयीन उंदरांना गुंगीही कमी येते, म्हणजे थांबण्याची खूणच उशिरा मिळते. ‘रात्रीचं काही आठवत नाही’ हे मुलं हसत सांगतात. ती आठवण पुसलेली नसते, मेंदूत नोंदलीच गेलेली नसते. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांत यकृताबरोबर हेही मुलांना स्पष्ट सांगा.

— एक शिक्षिका