स्टँड पाडायच्या आधी एवढं वाच

प्रिय सुन्या,

कॉलेजच्या ग्राउंडवरचा प्रेक्षकांचा जुना स्टँड पाडून नवा बांधायचाय आणि कमिटीत तू आहेस हे वाचून जाम बरं वाटलं. पण नवा स्टँड ग्रीन, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणारा, कसा करायचा याचं तुझ्या मेलमध्ये सगळं सोलरवरच अडलंय, म्हणून तुला लंडनच्या लॉर्ड्स क्रिकेट ग्राउंडवरच्या वॉर्नर स्टँडचं सांगतो.

पॅव्हेलियनला लागूनच आहे तो. जुना 1958 चा, वेंगसरकरची 1979, 82, 86 ची तिन्ही शतकं त्याच्यासमोर झालेली. पण तिथल्या शेकडो सीटवरून मैदान धड दिसायचंच नाही, मग तो काढून 2017 ला नवा उघडला, आणि सीट वाढवत बसण्यापेक्षा बसलेल्याला मॅच नीट दिसली पाहिजे हे आधी धरलं. मला हे फार पटतं, कारण जिथून दिसत नाही तिथे कोणी बसत नाही आणि मग तेवढं काँक्रीट फुकटच गेलं ना.

छप्पर तर बघतच राहावं असं आहे. ओकच्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेले 11 लाकडी बीम, कोपऱ्यातून पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेत, आणि वर उजेड झिरपणारं कापड. स्टील बनवायला केवढी एनर्जी जाते, इथे उलट झाडाने हवेतून घेतलेला कार्बन लाकूड टिकेल तोवर त्यातच राहतो. सोलर आहेच वर, शिवाय जमिनीखालची उष्णता वापरणारा हीट पंप आणि पावसाचं पाणी साठवायची सोय. हीट पंपाच्या मागे तू लागू नकोस, आपल्याकडे हिवाळ्यात हॉल तापवायचाच नसतो. पाण्याचं मात्र सोडू नको, जून ते सप्टेंबर छपरावर पडणारं सगळं आज गटारात जातं आणि मार्चपासून ग्राउंडवर मारायला टँकर, हे बघवत नाही रे.

आणि एक, पाडायचंच असं आधीच ठरवू नका. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकाम किती मजबूत आहे याची तपासणी, करून घ्या, पाया आणि पायऱ्या चांगल्या निघाल्या तर त्या ठेवून फक्त छप्पर बदला, त्याच्याइतकं ग्रीन दुसरं काही नाही. कॉन्ट्रॅक्टर नाही म्हणेल, कारण त्याला नवीन कामातच पैसे दिसतात, तू हट्ट धर. प्रत्येक रांगेत स्वतः बसून बघ, कुठून दोन्ही बाजूचे स्टंप दिसत नाहीत ते लिहून काढ.

ड्रॉइंग आली की फोटो पाठव, रविवारी फोनवर बसून बघू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंद्या