दुरुस्तीची शिक्षा वीस टक्के: ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री, युनायटेड किंगडम, यांस

स. न. वि. वि.

आपल्या खात्याच्या कागदांत घरांचे दोनच प्रकार दिसतात, नवं आणि जुनं. नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य. जुन्याची दुरुस्ती केली तर २० टक्के. या हिशेबात काय चुकतं ते पाहायचं असेल, तर ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावचं पाद्रीघर एकदा बघून या. चर्चला लागूनच आहे.

१४ व्या शतकातलं हे घर. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये कुडाच्या भिंती, वर शाकारलेलं छप्पर. मधला हॉल थेट आढ्यापर्यंत मोकळा; अशा घरांत चूल जमिनीच्या मधोमध असे आणि धूर छपरातून वाट काढी. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, त्यांचे वरचे मजले पुढे आलेले. वळचण मात्र एकाच सरळ रेषेत, त्यामुळे हॉल आत सरकल्यासारखा दिसतो आणि तिथे वळचणीला वाकड्या लाकडांचे टेकू दिलेत. सुताराची ही हिकमत मला कुठल्याही कॅथीड्रलहून कमी वाटत नाही. हॉलची जमीन खडूचा दगड कुटून, आंबट दूध घालून केलेली. आसपासच्या टेकड्या खडूच्याच, म्हणजे माल दारातला. आपल्याकडच्या सारवलेल्या जमिनीसारखीच तीही पुन्हा पुन्हा करता येते. कूड लिंपायचा, छप्पर शाकारायचं, कुजलेल्या खांबाचा तेवढाच तुकडा बदलायचा: हे घर बांधलंच आहे दुरुस्तीच्या भरवशावर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पार मोडकळीला आलं होतं. गावचे पाद्री बेनन यांनी खटपट केली आणि १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ते १० पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. किंमत नाममात्र होती. खरा खर्च दुरुस्तीचा.

आता आपल्या कराकडे येतो. पूर्वी सूचीबद्ध, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असलेल्या, घरात मंजुरी घेऊन फेरफार केले तर व्हॅट शून्य होता आणि आहे ते जपलं तर पूर्ण. ही विसंगती २०१२ मध्ये दूर झाली, ती फेरफारांवरही २० टक्के लावून! दोन वर्षं रिकाम्या पडलेल्या घराच्या नूतनीकरणाला मात्र ५ टक्क्यांची सवलत मिळते. म्हणजे राहत्या घराचं छप्पर वेळीच शाकारणारा वेडा ठरतो. आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या स्वशासित बेटावर राहत्या घरांच्या दुरुस्तीला ५ टक्केच लागतात आणि तिथला खजिना काही बुडालेला नाही.

महसूल घटेल, हे आपले अधिकारी सांगतीलच. घटेल थोडा. पण आज वीस टक्के वाचवायला लोक काम पुढे ढकलतात किंवा पावतीशिवाय रोखीत उरकतात, आणि ओकवर सिमेंट थापणारा गवंडी बहुधा त्यातच सापडतो. सिमेंटखाली ओल कोंडते, लाकूड आतून कुजतं.

पुढच्या अर्थसंकल्पात निदान सूचीबद्ध राहत्या घरांच्या दुरुस्तीला ५ टक्के दर लावावा, ही मागणी.

कळावे,
ससेक्समधला एक मराठी करदाता